पाणी जुनं, तळ नवा: अरबी समुद्र घडला कसा आणि त्यात आहे काय

अरबी समुद्र किती जुना, या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. त्यातलं पाणी ४०० कोटी वर्षांहून जुनं आहे. ते ज्या खळग्यात साठलंय तो खळगा मात्र मुख्यतः गेल्या साडेसहा कोटी वर्षांतला. म्हणजे सह्याद्रीचा काळा कातळ आणि कोकणासमोरचा खोल तळ हे साधारण एकाच पिढीचे, आणि त्या कातळावर पावसाळाभर कोसळणारं पाणी त्याच्यापेक्षा साठ-सत्तरपट म्हातारं.

शाळेत आपण शिकतो की पृथ्वी थंड झाली, पाऊस पडला आणि समुद्र तयार झाले. यात चूक काही नाही, पण पाणी, तळ आणि मीठ या तिघांची सरमिसळ होते. तिघांचा जन्म वेगळा, वय वेगळं, आणि तिघंही आजही बदलतायत. हे सुटं सुटं करून पाहिलं की आपला पाऊस, आपली मासळी आणि आपल्या किनाऱ्यावर येणारी वादळं यांच्यामागे समुद्र नेमका काय करतो ते कळायला लागतं.

पाणी आलं कुठून?

पृथ्वी घडली सुमारे ४५४ कोटी वर्षांपूर्वी. सूर्याभोवती फिरणारी धूळ, खडक आणि लहानमोठे गोळे एकमेकांवर आदळत, चिकटत ती मोठी झाली. अगदी सुरुवातीच्या काळात मंगळाएवढं एक धूड तिच्यावर आदळलं आणि त्या धडकेत उडालेल्या मलब्यातून चंद्र झाला, असं आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. तेव्हा जमिनीवर पाणी असणं शक्यच नव्हतं, कारण जमीनच वितळलेली होती. पाणी होतं ते वितळलेल्या खडकात मुरलेलं आणि वर वाफेच्या रूपात. पृष्ठभाग निवत गेला, ज्वालामुखींतून वाफ बाहेर पडत राहिली, हवेत साठली, आणि तापमान पुरेसं उतरल्यावर पाऊस होऊन कोसळली.

पण त्या खडकांत पाणी मुळात आलं कुठून? याचा माग काढायला हायड्रोजन उपयोगी पडतो. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात. हायड्रोजनचा एक जड भाऊ आहे, ड्युटेरियम. पृथ्वीवरच्या समुद्रात साधारण ६,४०० हायड्रोजन अणूंमागे एक अणू ड्युटेरियमचा निघतो. सूर्यमालेत वेगवेगळ्या ठिकाणी तयार झालेल्या पाण्यात हे प्रमाण वेगवेगळं असतं, त्यामुळे ते मोजलं की पाण्याचं मूळ गाव कुठलं याचा अंदाज येतो.

धूमकेतू म्हणजे बर्फाचे गोळे, तेव्हा पाणी त्यांनीच आणलं असेल ही कल्पना बरीच वर्षं लोकप्रिय होती. १९८६ मध्ये जोत्तो यान हॅलेच्या धूमकेतूजवळून गेलं आणि तिथलं ड्युटेरियम आपल्या समुद्राच्या जवळजवळ दुप्पट निघालं. २०१४ मध्ये रोझेटा यानाने ६७-पी या धूमकेतूवर मोजमाप केलं, तिथे तर ते तिपटीहून जास्त भरलं. काही मोजक्या धूमकेतूंचं प्रमाण आपल्याशी जुळतं, पण सगळा समुद्र धूमकेतूंवर सोपवावा एवढा तो पुरावा नाही. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातल्या काही अशनींमधलं, विशेषतः कार्बन भरपूर असलेल्या अशनींमधलं पाणी आपल्या पाण्याशी चांगलं जुळतं. त्यात २०२० मध्ये आणखी एक भर पडली. पृथ्वी ज्या प्रकारच्या खडकांपासून बनली असावी, त्या कोरड्या समजल्या जाणाऱ्या अशनींमध्येही हायड्रोजन चांगलाच असल्याचं आढळलं, आज समुद्रात आहे त्याच्या कितीतरी पट पाणी पुरवू शकेल इतका. म्हणजे पाण्याचा मोठा भाग घरचाच असण्याची शक्यता आहे. मला हे उत्तर जास्त पटतं, कारण त्यासाठी बाहेरून नेमका हवा तेवढाच मारा व्हायची गरज पडत नाही.

इथे एक प्रमाण ध्यानात ठेवायला हवं. पृथ्वीचा ७१ टक्के पृष्ठभाग समुद्राखाली आहे आणि समुद्राची सरासरी खोली सुमारे ३,७०० मीटर आहे, म्हणून आपल्याला समुद्र अफाट वाटतो. पण त्याचं वजन पृथ्वीच्या वजनाच्या जेमतेम ०.०२ टक्के आहे. एवढं पाणी यायला खडकांत ओलाव्याचा अंश पुरला.

हे सगळं किती लवकर झालं, याचा साक्षीदार ऑस्ट्रेलियात सापडला. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्स नावाच्या टेकड्यांत झिरकॉन नावाच्या खनिजाचे कण आहेत, वाळूच्या बारीक कणाएवढे. झिरकॉन भलता चिवट असतो. ज्या खडकात तो जन्मला तो झिजून नाहीसा झाला तरी कण शाबूत राहतो, आणि त्यातलं युरेनियम किती मोडलंय हे मोजून त्याचं वय काढता येतं. यातला सगळ्यात जुना कण ४४० कोटी वर्षांचा निघाला. २००१ मध्ये दोन गटांनी या जुन्या कणांमधला ऑक्सिजन तपासला. खडकाचा द्रवरूप पाण्याशी पृष्ठभागाजवळ, कमी तापमानाला संबंध आला की त्यात ऑक्सिजनच्या जड अणूंचं प्रमाण वाढतं. असा खडक पुढे खोल जाऊन वितळला आणि त्यातून झिरकॉन तयार झाला, तर ही खूण त्या झिरकॉनमध्येही उतरते. ती खूण या कणांमध्ये होती. पृथ्वी जन्मल्यावर १५-२५ कोटी वर्षांच्या आतच तिच्यावर वाहतं पाणी असावं, हा अंदाज या बारीक कणांवर उभा आहे.

तो समुद्र आजच्यासारखा मात्र नव्हता. हवेत ऑक्सिजन जवळपास नव्हता, त्यामुळे लोखंड पाण्यात विरघळलेलं राहायचं. पुढे सूक्ष्मजीव आले, त्यांच्या करणीने लोहाचा गंज बनून थराथराने तळाशी बसत गेला. गोव्यातलं आणि आपल्या सिंधुदुर्गातल्या रेडीचं लोहखनिज अशाच थरांतून आलेलं आहे. अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या समुद्राचा तो गाळ. मांडवीतून ज्या लाल मातीच्या बार्जेस वर्षानुवर्षं गेल्या, त्यांत एका नाहीशा झालेल्या समुद्राचा तळ भरलेला होता.

खळगा कसा उघडला?

जमीन वर आणि समुद्राचा तळ खाली का, याचं कारण दोघांचा दगड वेगळा आहे. खंडांखाली ग्रॅनाइटसारखे हलके खडक असतात आणि त्यांची जाडी मोठी, सरासरी ३५-४० किलोमीटर. समुद्राखालचा खडक बेसाल्टचा, तो जड आणि पातळ, सहा-सात किलोमीटरचा. दोन्ही खालच्या मऊसर थरावर तोलून राहिलेले आहेत. जड आणि पातळ भाग खोल बसतो, आणि पाणी साहजिकच तिथे जाऊन साठतं.

हा बेसाल्टचा तळ सतत नव्याने तयार होतो आणि याचा निर्णायक पुरावा अरबी समुद्रातून मिळाला. मराठी वाचकाला ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. अरबी समुद्राच्या आग्नेयेकडून एडनच्या आखाताच्या दिशेने समुद्राखाली एक डोंगररांग जाते. तिचं नाव कार्ल्सबर्ग रिज. १९६२ मध्ये 'ओवेन' या ब्रिटिश जहाजाने तिच्या एका भागावर चुंबकमापक ओढत नेला. केंब्रिजमधला फ्रेडरिक व्हाइन हा संशोधक विद्यार्थी आणि त्याचे मार्गदर्शक ड्रमंड मॅथ्यूज यांनी त्या आकड्यांचा अभ्यास केला. तळाच्या खडकाचं चुंबकत्व पट्ट्यापट्ट्यांत होतं, एक पट्टा आजच्या उत्तर दिशेला अनुसरून, दुसरा बरोबर उलटा.

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मधून मधून उलटतं, उत्तर ध्रुव दक्षिण होतो, हे तोवर कळू लागलं होतं. तप्त लाव्हा थिजताना त्या वेळच्या क्षेत्राची दिशा आपल्यात धरून ठेवतो. व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये मांडलं की समुद्रातल्या डोंगररांगेच्या मधोमध भेगेतून लाव्हा वर येतो, थिजतो, दोन्ही बाजूंना सरकतो, मागून नवा येतो. म्हणून दोन्हीकडे सारखेच पट्टे. तळ पसरतो हे यातून दिसलं, आणि खंडं सरकतात ही आल्फ्रेड वेगेनरने १९१२ मध्ये मांडलेली व अनेकांनी धुडकावलेली कल्पना पुन्हा उभी राहिली.

आता याच रांगेवरून आपल्या किनाऱ्याकडे मागे येऊ. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून सुटलं. मग ६.६ कोटी वर्षांच्या आसपास दख्खनवर लाव्ह्याचे पूर आले, त्याचाच आपला सह्याद्री. त्याच सुमाराला पश्चिमेकडे पृथ्वीचं कवच फाटलं आणि सेशेल्सचा तुकडा भारतापासून वेगळा होऊन दूर जाऊ लागला. मधल्या फटीत नवा तळ तयार होत गेला, पाणी शिरलं, आणि अरबी समुद्र रुंदावत गेला. सेशेल्सची ग्रॅनाइटची बेटं आज मुंबईपासून तीन हजार किलोमीटरहून दूर आहेत. कार्ल्सबर्ग रांगेशी तळ अजूनही वर्षाला दोन-तीन सेंटीमीटरने पसरतोय.

तयार होतो तसा तो संपतोही. पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्यापाशी अरबी समुद्राचा तळ आशियाच्या खाली जातो. २८ नोव्हेंबर १९४५ ला तिथे मोठा भूकंप झाला आणि त्याची त्सुनामी मुंबईपर्यंत पोचली. सगळ्या जगात हीच रीत आहे, म्हणून खोल समुद्राचा तळ बहुतेक सगळीकडे २० कोटी वर्षांहून तरुण आहे. ज्या पाण्याने त्याला झाकलंय ते तेच जुनं, एका खळग्यातून दुसऱ्यात जात राहिलेलं. भारत आणि आशिया यांच्या मध्ये पूर्वी टेथिस नावाचा समुद्र होता. तो मिटला, त्याच्या तळाचा गाळ हिमालयात चढला. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडकसुद्धा समुद्रात तयार झालेला आहे. उलट तांबडा समुद्र आत्ता कुठे उघडतोय.

खारट का, आणि किती?

एक किलो समुद्राचं पाणी आटवलं तर सरासरी ३५ ग्रॅम क्षार उरतात. त्यात क्लोराइड १९ ग्रॅमहून थोडं जास्त, सोडियम पावणेअकरा ग्रॅम, सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३, आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी ०.४ ग्रॅमच्या आसपास. या सहांतच ९९ टक्क्यांहून अधिक ऐवज संपतो. बाकीच्यात ब्रोमाइड, बोरॉन, स्ट्रॉन्शियमपासून सोन्यापर्यंत जवळजवळ सगळी मूलद्रव्यं सापडतात.

सोन्यावरून आठवलं. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर दंडाचा मोठा बोजा होता. अमोनिया बनवण्याच्या शोधासाठी नोबेल मिळालेले फ्रिट्झ हाबर यांनी १९२० च्या दशकात समुद्राच्या पाण्यातून सोनं काढून तो फेडायचं मनावर घेतलं. जहाजावर प्रयोगशाळा थाटली, ठिकठिकाणचं पाणी तपासलं. सोनं जुन्या मोजमापांत सांगितलं होतं त्याच्या साधारण हजारपट कमी निघालं आणि त्यांना नाद सोडावा लागला.

खारटपणाचं नेहमीचं उत्तर असं की पावसाचं पाणी खडक झिजवतं, नद्या क्षार वाहून आणतात, पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. हे निम्मं उत्तर आहे. नदीच्या पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट जास्त, सोडियम आणि क्लोराइड कमी. नुसतं नदीचं पाणी आटवलं तर समुद्र तयार होणार नाही, भांड्याला बसतो तसला पांढरा चुना तयार होईल. क्लोरीनचा मोठा भाग पृथ्वीच्या पोटातून ज्वालामुखींच्या वायूंबरोबर आला. आणि कॅल्शियम समुद्रात पोचल्यावर तिथे टिकत नाही, कारण शिंपले, कालवं, प्रवाळ आणि असंख्य सूक्ष्म जीव त्याची कवचं करतात आणि मेल्यावर ती तळाशी बसतात. समुद्राच्या तळातल्या गरम झऱ्यांनीही पाण्याची घडण बदलते. १९७७ मध्ये गालापागोसजवळ हे झरे पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिले गेले. तळाच्या भेगांत शिरलेलं पाणी तापतं, खडकाशी देवघेव करतं, मॅग्नेशियम तिथे ठेवून येतं आणि इतर धातू घेऊन वर येतं.

त्यामुळे खारटपणाकडे दादर स्टेशनच्या गर्दीसारखं पाहावं. गर्दी दिवसभर तेवढीच दिसते, पण माणसं बदलत असतात. एखादा दोन मिनिटांत पुढची लोकल पकडतो, एखादा तासन् तास बाकावर बसून असतो. कॅल्शियमचा अणू समुद्रात सरासरी दहा लाख वर्षांच्या आसपास राहतो. सोडियम कित्येक कोटी वर्षं. लोखंड फार लवकर निघून जातं, म्हणून भर समुद्रात त्याची कायम टंचाई. पाण्याचा रेणू सरासरी तीनेक हजार वर्षांत वाफ होऊन बाहेर पडतो.

हे माहीत नसल्याने एक मोठी आकडेमोड फसली होती. १८९९ मध्ये आयर्लंडच्या जॉन जॉली यांनी समुद्रातल्या एकूण सोडियमला नद्यांनी दरवर्षी आणलेल्या सोडियमने भागलं आणि समुद्राचं वय ८ ते ९ कोटी वर्षं काढलं. भागाकार बरोबर होता. पण सोडियम बाहेरही पडतं हे त्यात धरलं नव्हतं. ते बाहेर कसं पडतं ते बघायचं तर आपल्या स्वयंपाकघरातलं सैंधव घ्या. उपवासाला वापरतो ते सैंधव पाकिस्तानातल्या खेवड्याच्या डोंगरातून येतं, आणि ते पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं मीठ आहे. साठ लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास भूमध्य समुद्राचा अटलांटिकशी संबंध जवळजवळ तुटला, तेव्हाही तिथे मिठाचे असेच प्रचंड थर साठले.

क्षार कोणत्या क्रमाने बाहेर पडतात हे तर आपल्या आगरांत डोळ्यांनी पाहता येतं. उरण, वडाळा, भांडुप, पालघर, गोव्यात आगरवाडा, नेरूळ इथल्या मिठागरांनी हे ज्ञान पिढ्यान् पिढ्या वापरलं. उधाणाच्या भरतीला पाणी आत घ्यायचं आणि एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हात तापवायचं. पाणी आटत जाताना आधी चुना सुटतो. तीन-चारपट घट्ट झाल्यावर जिप्सम खाली बसतं. खाण्याचं मीठ यायला पाणी मुळाच्या एक दशांशावर यावं लागतं, तेव्हा कुठे वाफ्याच्या पृष्ठभागावर पातळ पापुद्रे दिसतात आणि चौकोनी दाणे धरतात. आगरी माणूस मीठ इथेच ओढून घेतो. त्यापुढे पाणी तसंच आटू दिलं तर मॅग्नेशियमचे क्षार पडतात आणि मीठ कडू होतं, म्हणून उरलेलं कडवट पाणी सोडून द्यायचं. शुद्ध मीठ मिळतं ते योग्य वेळी थांबल्यामुळे. रसायनशास्त्राच्या पुस्तकातला एक अख्खा धडा या वाफ्यांत उघड्यावर मांडलेला असतो, आणि मुंबईची मिठागरं बुजवताना त्याची किंमत कोणी धरत नाही याचं मला वाईट वाटतं.

क्षारांचं एकमेकांशी प्रमाण सगळीकडे जवळपास सारखं असतं. 'चॅलेंजर' जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरातून आणलेले ७७ नमुने विल्यम डिटमार यांनी तपासले आणि १८८४ मध्ये हे पक्कं केलं. बदलतं ते पाण्याचं प्रमाण. अरबी समुद्रात ऊन आणि वारा यांनी बाष्पीभवन खूप, आणि मोठ्या नद्या कमी, म्हणून तिथे किलोमागे साधारण ३६ ग्रॅम क्षार. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी येऊन मिळतात. उत्तरेकडे पावसाळ्यानंतर हा आकडा ३० च्याही खाली येतो. यात महाराष्ट्राचाही हात आहे. गोदावरी अरबी समुद्रापासून जेमतेम ८० किलोमीटरवर त्र्यंबकेश्वरला उगम पावते आणि पाणी नेते बंगालच्या उपसागराला. महाबळेश्वरला पडलेल्या पावसाचा मोठा वाटा कृष्णेचा. सह्याद्रीचा कडा पश्चिमेला असल्यामुळे अरबी समुद्राची वाफ पलीकडच्या समुद्राला गोडं पाणी पुरवते.

त्याचा परिणाम दूरवर जातो. गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं आणि बंगालच्या उपसागरावर एक झाकणच बसतं. खालचं गार पाणी सहजी वर येत नाही, पृष्ठभाग उबदार राहतो, आणि उबदार पृष्ठभाग वादळांना पोसतो. तिथे वादळं जास्त होण्यामागचं हे एक कारण.

उष्णतेचा हिशेब

पाणी तापायला खूप उष्णता लागते आणि निवायला वेळ लागतो. सगळ्या वातावरणात जेवढी उष्णता मावते, तेवढी समुद्राच्या वरच्या तीनेक मीटरमध्येच मावते. कोळसा, तेल, गॅस जाळून आपण पृथ्वीवर जी जादा उष्णता अडकवली, तिच्यातला ९० टक्क्यांहून अधिक भाग समुद्राने घेतला आहे. हवा आज जेवढी तापलीय ती उरलेल्या भागाचा परिणाम आहे. समुद्र का महत्त्वाचा, याचं मला तरी याहून नेमकं उत्तर माहीत नाही.

अरबी समुद्राचा उन्हाळा बाकी समुद्रांपेक्षा निराळा असतो. मे महिन्यात त्याचा पृष्ठभाग ३० अंशांच्या आसपास तापतो. जूनमध्ये सोमालियाच्या किनाऱ्यावरून वाऱ्याचा जोरदार झोत निघतो, वर्षातल्या सर्वांत जोरकस वाऱ्यांपैकी एक. तो पाणी घुसळतो, वाफ उचलतो, आणि आफ्रिका-अरबस्तानाच्या कडेचं वरचं पाणी दूर ढकलतो. त्याच्या जागी खालचं गार पाणी वर येतं. म्हणून उत्तर गोलार्धातले इतर समुद्र तापत असताना अरबी समुद्र जून ते ऑगस्ट गार होत जातो. उचललेली वाफ, विषुववृत्तापलीकडून आलेल्या बाष्पाबरोबर, सह्याद्रीला धडकते आणि आपल्या पेरण्या होतात.

वादळ पोसायला पृष्ठभाग साधारण साडेसव्वीस अंशांहून उबदार लागतो. अरबी समुद्र तेवढा उबदार असायचाच, तरी पूर्वी तिथे वादळं बंगालच्या उपसागराच्या मानाने फारच कमी. गेल्या काही दशकांत तो झपाट्याने तापलाय आणि तीव्र वादळं वाढलीत. २०१९ या एका वर्षात तिथे पाच चक्रीवादळं झाली. ३ जून २०२० ला 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, दिवेआगर भागातल्या सुपारीच्या आणि नारळाच्या बागा आडव्या झाल्या. सुपारीचं झाड धरायला वर्षं जातात. त्या बागायतदारांचं नुकसान एका हंगामाचं नव्हतं. पुढच्याच मे महिन्यात 'तौक्ते' किनाऱ्याला घासून गुजरातेत गेलं.

तळाशी मात्र वेगळंच जग आहे. मुंबईच्या उन्हाळ्यातही अरबी समुद्राच्या खोल तळाचं पाणी दोन अंशांच्या आसपास असतं, कारण ते अंटार्क्टिकाजवळ बुडून तळातळाने इथवर आलेलं असतं. जगभर असा फेरा पुरा व्हायला हजारेक वर्षं लागतात.

श्वास

समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा साधारण निम्मा वाटा उचलतात. त्यावरून 'आपला प्रत्येक दुसरा श्वास समुद्र देतो' असं सर्रास लिहिलं जातं. हे वाक्य सोडून द्यावं असं मला वाटतं. समुद्रात तयार होणारा बहुतेक ऑक्सिजन समुद्रातच खर्च होतो. हवेतला साठा कोट्यवधी वर्षांत जमलाय, जेव्हा जेव्हा मेलेल्या जीवांचा थोडासा भाग न कुजता गाळात पुरला गेला तेव्हा तेव्हा. ते देणं खरंच समुद्राचं, पण ते फार जुनं आहे. आजची चिंता उलटी आहे, खुद्द समुद्राला ऑक्सिजन पुरतो का याची.

अरबी समुद्रात तो पुरत नाही. पावसाळ्यात खालून वर आलेलं पाणी खताने भरलेलं असतं, त्यात नायट्रेट आणि फॉस्फेट असतं. उजेड मिळाला की सूक्ष्म वनस्पती माजतात, त्यांच्यावर तारली, बांगडा यांच्यासारखी मासळी पोसते. मेलेलं सगळं खाली बसत जातं आणि ते कुजवताना जिवाणू ऑक्सिजन संपवतात. साधारण १५० मीटरपासून हजार मीटरपर्यंतचा पाण्याचा जाड थर इथे जवळजवळ ऑक्सिजनविना आहे, जगातल्या सर्वांत मोठ्या अशा थरांपैकी एक. पावसाळ्याच्या उत्तरार्धात हे पाणी आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागावरही चढतं. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या आणि आता गोव्यात दोना पावलाला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी ते वर्षानुवर्षं मोजलंय. २००० मध्ये त्यांनी दाखवलं की हे पाणी किनाऱ्याजवळ पूर्वीपेक्षा अधिक घुसमटलेलं आहे आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड हा उष्णता अडकवणारा वायू मोठ्या प्रमाणात सुटतो. शेतातलं खत आणि शहरांचं सांडपाणी यात भरच घालतं.

२००० नंतरच्या हिवाळ्यांत उत्तर अरबी समुद्रात नॉक्टिलुका नावाचा हिरवा सूक्ष्मजीव फार वाढलाय. रात्री लाटा निळ्या चमकतात, त्याचे व्हिडिओ दरवर्षी मोबाइलवर फिरतात, ती चमक बहुतेक वेळा याची. दिसायला सुरेख. पण पूर्वी तिथे ज्या सूक्ष्म वनस्पती असायच्या त्यांच्यावर माशांची साखळी उभी होती. नॉक्टिलुका मुख्यतः जेलीफिशसारख्यांच्या तोंडी जातो.

शिवाय आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव भाग समुद्र शोषून घेतो. तो पाण्यात विरघळला की आम्ल तयार होतं. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू (पीएच) सुमारे ८.२ वरून ८.१ वर आलाय. फरक छोटा दिसतो, पण त्या मोजपट्टीवर याचा अर्थ आम्लता जवळपास ३० टक्क्यांनी वाढली. कवचं बांधणाऱ्या जीवांना तेवढा चुना जमवणं कठीण होतं.

हे सगळं मोजायला आज जगभरच्या समुद्रांत आर्गो नावाची सुमारे चार हजार तरंगती यंत्रं सोडलेली आहेत. प्रत्येक यंत्र दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खाली जाऊन वर येतं, वाटेतलं तापमान आणि क्षारता मोजतं आणि उपग्रहाला कळवतं. भारताचं हे काम हैदराबादची इन्कॉइस ही संस्था पाहते. तीच संस्था उपग्रहांवरून पाण्याचा रंग आणि तापमान बघून मासळी कुठे जमली असेल याचे अंदाज देते, लाटांचे आणि त्सुनामीचे इशारेही देते. आपल्या किनाऱ्यावर मासेमारीची पावसाळी बंदी १ जूनला सुरू होते आणि ३१ जुलैला संपते. त्यानंतर होड्या बाहेर पडतात तेव्हा किनाऱ्याजवळ घुसमटलेलं पाणी वर चढण्याचा काळ असतो, आणि जाळं किती खोल सोडायचं हा निर्णय तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, त्या पाण्याच्या वरच घ्यावा लागतो.